श्रावण ते दिवाळी: पिंजऱ्याखालचं पाणी मोजा

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवला, की आपण सुटकेचा श्वास घेतो. समुद्रात जाळ्याच्या पिंजऱ्यात पाळलेल्या माशांची खरी परीक्षा मात्र तेव्हाच सुरू होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गोवा आणि कोकण किनाऱ्यालगत खोल अरबी समुद्रातलं थंड, खारं आणि मुळातच कमी प्राणवायूचं पाणी तळातून वर सरकत येतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. मेलेलं सूक्ष्म शेवाळ तळाशी कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतं. कांदोळीसमोर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घेतलेल्या मोजमापांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी हायड्रोजन सल्फाइडही सापडला आहे, म्हणजे तोच कुजक्या अंड्यांचा वास.

म्हणून प्राणवायू मोजणारा मीटर वरच्या वर बुडवून घरी जाऊ नका. केबल जाळ्याच्या तळाखाली निदान अर्धा मीटर जाईल एवढी लांब घ्या आणि मोजणी पहाटे करा, तेव्हा प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर काळजी नाही. ४ च्या खाली गेला तर खाद्य निम्मं करा, ३ च्या खाली गेला तर बंदच करा. मासा दोन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही, पण खाद्य पचवायला त्याला जास्त प्राणवायू लागतो. मीटर नसेल तर दोरीला थर्मामीटर बांधा: तळाचं पाणी वरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड लागलं, तर खोल समुद्रातलं ते पाणी आलं समजा.

खेकड्यांचा पिंजरा वर ओढल्यावर सगळे खेकडे वरच्या जाळीला लटकलेले आणि खालचे दोन मेलेले, हे मी स्वतः पाहिलंय. उथळ पाण्यात अचानक लेप (तळाशी राहणारा चपटा मासा) आणि कोळंबी भरपूर लागली, तरी हुरळून जाऊ नका. ती खालून पळून आलेली असते.

विक्रीजोगा जिताडा ऑगस्टच्या आधीच काढा. जाळ्यावरचं शेवाळ आणि शिंपले खरवडून टाका, नाहीतर पाणी आत खेळत नाही. जाळं खोल सोडू नका. खाडीच्या तोंडातून तळ्यात पाणी घेणाऱ्यांनी पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपचं टोक) वरच्या थरात ठेवावा. पाण्याला वास आला तर त्या भरतीला पंप बंद.

दोरावर वाढवायच्या शिनाण्यांचं (हिरव्या शिंपल्यांचं) बी घाईने लावू नका. वर गोडं आणि खाली गुदमरलेलं पाणी, त्यात ते अडकतं. दिवाळीनंतर किनाऱ्याचा प्रवाह उलटतो आणि तळाचं पाणी सुधारतं. पण जुन्या तारखांवर विसंबू नका. १९६० पासून जगभरच्या समुद्रांतला प्राणवायू सुमारे २ टक्के घटला आहे, कोमट पाण्यात तो कमी विरघळतो. तळाच्या आकड्याने सलग आठवडाभर ४ ओलांडला, की मगच बियांचे दोर सोडा.