नर्मदा परिक्रमा मध्येच अडली, तर पुढचं कसं ठरवायचं

माझी पायी परिक्रमा दहाव्या दिवशी अडली. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालो होतो. बडवानीच्या अलीकडे एका आश्रमाच्या ओट्यावर टेकलो आणि पुन्हा उठताच येईना. उजवा गुडघा टम्म सुजला होता. त्याच रात्री घरी फोन केला, ‘संपलं, येतोय.’ ती घाई झाली. तुमच्यावर अशी वेळ आली, तर या क्रमाने जा.

आधी तीन रात्री एकाच जागी राहा. अंग मोडलेलं असताना काहीच ठरवू नका. आश्रमात अडचण मोकळेपणाने सांगा, बसल्या बसल्या भाजी निवडून द्या.

या तीन दिवसांत दुखणं कोणतं आणि शीण कोणता, ते ओळखा. दोन रात्री गाढ झोपल्यावर उतरतो तो शीण. पायावर भार देता येत नसेल, ताप असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर थेट डॉक्टर गाठा. गोळीने दुखणं दाबून चालू नका. दुखावलेला गुडघा त्यानेच आणखी बिघडतो. जुलाब लागले असतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पीत राहा. चमचा चहाचा घ्या.

मग सॅक जमिनीवर रिकामी करा. माझ्या सॅकमधून दुसरी चादर, जाड स्वेटर आणि न उघडलेली दोन पुस्तकं निघाली. सगळं पोस्टाने घरी पाठवलं.

आता वहीत हिशेब मांडा. नदी १३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तट मिळून २६०० च्या पुढे. रोज २० किलोमीटरने चालण्याचे १३० दिवस होतात. दुखऱ्या पायाने १५ च जमले, तर १७३. आठवड्याला एक दिवस विश्रांती धरली, की दोनशेच्या घरात. कार्तिकी एकादशीनंतर निघालेला माणूस मग मृगाच्या तोंडावर पोहोचतो. हा आकडा समोर आला, की मनाची ओढाताण पुष्कळ कमी होते.

पुढे दोन वाटा राहतात. वेळ असेल, तर वेग कमी करा आणि पावसाळा लागलाच तर परंपरेप्रमाणे चातुर्मास एका ठिकाणी काढा. नोकरीची रजा मोजकी असेल, तर खंड परिक्रमा करा, म्हणजे जिथे थांबलो तिथूनच पुन्हा सुरुवात. यात कमीपणा अजिबात नाही. मात्र थांबायचंच असेल, तर विमलेश्वरहून (दक्षिण तटाचं समुद्राजवळचं टोक, इथून नाव उत्तर तटावर नेते) नावेत बसण्याआधी थांबा. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, मध्येच ओलांडायची नसते, आणि दक्षिण तटावरून महाराष्ट्रात परतताना ती ओलांडावी लागत नाही. बडवानीहून खेतिया-शहादा रस्ता सरळ खाली येतो. उत्तर तटावर गेल्यावर घरची वाट नदीपलीकडूनच आहे.

मनाचा शीण वेगळा. रोज नवं गाव, नवी पथारी, ‘आज कुठे?’ हा रोजचाच प्रश्न. त्यावर माझा उपाय एकच होता: दुपारनंतर चालायचं नाही. दोन वाजता मुक्काम, कपडे धुणं, पाय कोमट पाण्यात, मग घाटावर नुसतं बसणं.

पुन्हा निघाल्यावर पहिले तीन दिवस आठच किलोमीटर चाला. चौथ्या दिवशी सकाळी गुडघा दाबून बघा. सूज नसेल, तर दोन वाढवा.