गहू सोडताय? त्याच्या जागी काय येणार ते आधी ठरवा

गहू बंद करून माझं वजन उतरलं, हे खरं. पण पहिल्यांदा बंद केला तेव्हा महिन्याभरात सव्वा किलो वाढलं होतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे सुरुवात त्या फसलेल्या महिन्यापासूनच करते.

तेव्हा मी 'ग्लुटेन फ्री' छापलेली बिस्किटं आणली होती. गहू नाही म्हटल्यावर जीव निर्धास्त, दोनाच्या जागी चार खाऊ लागले. जेवणात गव्हाऐवजी भात, आणि पोट भरल्यासारखं वाटेना म्हणून वरून आणखी एक डाव. एके दिवशी ताटातला भात सहज काट्यावर ठेवला. 320 ग्रॅम! शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 130 कॅलरी धरल्या तरी नुसत्या भाताच्याच चारशेच्या वर गेल्या. बिस्किटाचं पाकीट उलटं करून वाचलं तर तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, साखर, पामतेल. गहू तेवढा उठून गेला होता, बाकीची मंडळी जागच्या जागी बसलेली.

पीठ गव्हाचं असो, तांदळाचं, मक्याचं नाहीतर ज्वारीचं, 100 ग्रॅममागे कॅलरी 330 ते 370च्या घरातच असतात. मग गहू सोडून माणसं बारीक होतात ती कशी? तर गहू एकटा जात नाही. त्याच्यामागून मैदा जातो आणि मैद्यामागून केक, बिस्किटं, पिझ्झा, त्यांतली साखर नि तेलही जातं. खरा फायदा तिथे आहे. गहू विषारी वगैरे आहे असं सांगणाऱ्यांकडे मी तरी काणाडोळा करते.

सुरू करण्याआधी एक काम. पोट वारंवार बिघडत असेल, रक्त सतत कमी भरत असेल किंवा घरात कुणाला सीलिएक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल, तर गहू सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारून टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या. ती गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधीच सोडला तर रक्तातल्या अँटिबॉडी कमी होतात आणि आजार असूनही तपासणीत दिसत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तरी आधी डॉक्टर. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

दुसऱ्या खेपेला मी पहिला आठवडा काहीच सोडलं नाही, फक्त वही ठेवली. गहू कधी, कशातून, किती. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की बिस्किटं हमखास विसरतात. चहाबरोबरची चार बिस्किटं काट्यावर 34 ग्रॅम भरली, म्हणजे 160 कॅलरींच्या आसपास. दिवसातून दोनदा. जेवणातल्या गव्हावर माझा उगाचच राग होता, चोर चहाच्या बशीत होता. तुमचा चोर वेगळा असेल, पण तो वहीतच सापडेल. आधी तो काढा. आठवडाभराने मैद्याचं बाकी सगळं काढा आणि जेवणातला गहू शेवटी.

तो काढताना ताट असं लावा: अर्धं भाज्यांनी भरायचं, पाव भागात डाळ, कडधान्य, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात भात, बटाटा, ज्वारी, जे काय असेल ते. आधी भाजी वाढून घ्यायची, धान्य शेवटी. हा क्रम उलटा झाला की पाव भागाचा अर्धा होतोच, माझा दोनदा झालाय. अख्ख्या गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम एक-दीड. ती तूट भाज्या-कडधान्यांनी भरली नाही तर आधी बद्धकोष्ठ होतं, मग भूक खवळते.

पाकिटं वाचायची सवय लावा. मैदा, रवा, दलिया हे सगळं गहूच. सोया सॉसमध्ये आणि कित्येक तयार सूपमध्येही तो असतो. पण नुसतं वजनासाठी सोडत असाल तर चमचाभर सोया सॉसवरून डोकं पिकवू नका. सीलिएक असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना कणभरही चालत नाही.

आता काट्याचं. पहिल्या आठवड्यात माझं 1.8 किलो उतरलं आणि मी हवेत. ते बहुतेक पाणी होतं. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्टमय खाणं कमी झालं की दोन्ही निघून जातात. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी छान म्हणायचं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. कंबरही मोजा. पोट फुगायचं थांबलं म्हणजे चरबी गेली असं नव्हे. गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या घटकाने काहींना गॅस होतो, तेवढाच कमी झालेला असतो.

चौथ्या आठवड्यात काटा अडला. वही चाळली तर रोज दुपारी 'शेंगदाणे, मूठभर'. ती मूठ 40 ग्रॅमची निघाली, 225 कॅलरी. मूठ निम्मी केली, काटा पुन्हा हलला.

दहा आठवड्यांत 5.2 किलो उतरल्यावर मी दुपारच्या जेवणात गहू परत आणला. एकाच वेळेला, मोजून, त्या पाव भागातच. दोन आठवडे कंबर पाहायची. वाढली नाही तर तेच चालू ठेवायचं, वाढली तर पुन्हा वही काढायची. चहाबरोबर मात्र अजून काही घेत नाही. घेतलं की चारावर थांबता येत नाही मला.