उंदराला काळी ज्वारी चारण्याआधी

परभणी, नांदेड, उदगीरकडची मुलं-मुली प्रबंधाचा विषय विचारायला येतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात एक जोडी आधीच ठरलेली असते: अफ्लाटॉक्सिन हे धान्यावरच्या बुरशीचं विष आणि पांढरा उंदीर. विषाचं नाव मोठं, तपासणीचं किट सहज मिळतं, उंदीर परवडतो. अडचण एकच. मोठ्या वयाचा माउस, म्हणजे तो छोटा पांढरा उंदीर, अफ्लाटॉक्सिनला फारसा दाद देत नाही. त्याच्या यकृतात ग्लुटाथायोन जोडणारं एक एन्झाइम जन्मजात भरपूर असतं, आणि विषाचं घातक रूप डीएनएला चिकटायच्या आत ते त्याला निकामी करतं. फिशर जातीच्या रॅटला, म्हणजे आकाराने मोठ्या उंदराला, आहारातल्या १०० पीपीबीने (अब्जात शंभर भाग) यकृताच्या गाठी होतात. माउस त्याच्या कितीतरी पट खाऊनही धडधाकट राहतो. म्हणून महिनोन्‌महिने चारून ‘परिणाम आढळला नाही’ असा प्रबंध लिहायचा नसेल, तर आधी विष ठरवा, मग प्राणी. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं.

मला विचाराल तर मराठवाड्यात बसून फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषाकडे बघायला हवं. खरिपाची ज्वारी काढणीला आली की परतीचा पाऊस गाठतो, कणसं काळी पडतात आणि मोंढ्यात तो माल मातीमोल भावाने जातो. काही जनावरांना जातो, काही घरीच निवडून खाल्ला जातो. १९९५ मध्ये शेजारच्या कर्नाटक-आंध्रातल्या गावांत अशीच पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. ते फ्युजेरियम बुरशी तयार करते. मात्र काळा दाणा म्हणजे विष असं समीकरण मांडू नका. कर्व्ह्युलारिया, अल्टरनेरियानेही दाणा काळा होतो, आणि दिसायला बऱ्या दाण्यातही फ्युमोनिसिन असू शकतं. डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही, तपासणी करायची. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे तुलनेला ती हाताशी असतेच.

फ्युमोनिसिनच्या बाबतीत माउस उपयोगीही पडतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रामच्या दोन वर्षांच्या अभ्यासात आहारात ५० आणि ८० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्युमोनिसिन बी-१ खाणाऱ्या मादी माउसना यकृताच्या गाठी झाल्या, नरांना नाही. रॅटमध्ये चित्र वेगळं: तिथे नरांच्या मूत्रपिंडात गाठी. दोन्ही लिंगं का घ्यायची, याचं उत्तर इथेच आहे. तुमच्याकडे दोन वर्षं नसतील तरी हरकत नाही. हे विष सिरॅमाइड (पेशीतला एक स्निग्ध पदार्थ) तयार करणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे त्याचा कच्चा माल असलेल्या स्फिंगॅनिन आणि स्फिंगोसिन यांचं एकमेकांशी प्रमाण गाठींच्या कितीतरी आधी बिघडतं आणि ते मोजता येतं. त्यासाठी एलसी-एमएस हे रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र लागेल, म्हणजे बहुधा हैदराबाद किंवा पुणे. तिथे नमुने कोण तपासून देणार, हे प्रस्ताव लिहितानाच फोन करून ठरवा.

आता खाद्य. कर्करोगाचा पूर्ण अभ्यास ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने करायचा तर प्रत्येक गटात प्रत्येक लिंगाचे किमान ५० प्राणी. तीन मात्रा आणि एक नियंत्रण गट (विष न दिलेला) धरला तर ४००. विद्यार्थ्याने ९० दिवसांचा अभ्यास धरावा, ८० प्राण्यांत बसतो. पण प्राणी ८० असोत की ४००, सगळं टिकतं ते नियंत्रण गटाच्या खाद्यावर. तयार गोळी खाद्यात मका असतो, शेंगदाण्याची पेंड असते, म्हणजे बुरशीविष तिथेही असू शकतं. प्रत्येक लॉट आल्या आल्या तपासा आणि त्यातला थोडा उणे २० अंशाला बाजूला ठेवा. मक्याच्या बुरकुंड्यांचं अंथरूण वापरत असाल तर तेही तपासा, कारण उंदीर ते कुरतडतात. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एकाच कोपऱ्यात गच्च असू शकतं. म्हणून नुसती वरची मूठ घेऊन चालत नाही, बरंच धान्य दळून, कालवून मग नमुना काढायचा.

डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे डॉन, हे तिसरं बुरशीविष वापरत असाल तर आणखी एक भानगड. आमच्या प्राणीगृहातले मामा एकदा सकाळी म्हणाले, “मॅडम, ही लेकरं खाईनात, नुसती उकरायलेत.” बघितलं तर खाद्याची पूड भांड्याबाहेर, अंथरुणात मिसळलेली, आणि वजनकाट्यावर मात्र ‘खाल्लेलं खाद्य’ भरपूर. डॉनने भूक मरते. माउसला उलटी होत नाही, तो खाणं सोडतो. कॅनडातल्या दोन वर्षांच्या एका प्रयोगात १० पीपीएमपर्यंत डॉन खाणाऱ्या माउसचं वजन घटलं, पण यकृतातल्या गाठी वाढल्या नाहीत, उलट कमीच आढळल्या. विष गुणकारी ठरलं का? नाही. कमी खाणाऱ्या उंदराला गाठी तशाही कमी होतात. म्हणून आणखी एक गट ठेवा, ज्याला विषाशिवाय तेवढंच खाद्य मिळेल जेवढं विषाच्या गटाने खाल्लं. आणि सांडलेलं रोज चाळून वजन करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज म्हणजे फॉर्म बी, संस्थेची नैतिकता समिती, तिचे केंद्राने नेमलेले सदस्य हे सगळं पार पडतं. फक्त त्यात महिने जातात हे वेळापत्रकात धरा. खोली २२ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे आणि बाहेर मे महिन्यात ४२ असतं. जनरेटरचं डिझेल कोण आणतं, हे प्रयोग सुरू होण्याआधी विचारा. दीर्घ अभ्यासात रविवारची फेरी चुकवू नका: शनिवारी मेलेला उंदीर सोमवारी पेशी बघण्याच्या लायकीचा राहत नाही, कधी सोबत्यांनीच खाल्लेला असतो. लगेच चिरता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गोठवू मात्र नका, पेशी फुटतात. शुद्ध विषाची पूड हुडखालीच (हवा ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडायची, आणि भांडी हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) बुडवल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाहीत. भांडी घासणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलेलं नसतं.

नोकरीचं म्हणाल तर पशुवैद्यक, एम.फार्म. आणि सूक्ष्मजीवशास्त्र, तिन्ही वाटांनी येता येतं. हैदराबादच्या प्रयोगशाळांत डिग्रीपेक्षा आधी विचारतात, सूक्ष्मदर्शकाखालची पेशींची स्लाइड वाचता येते का. त्यामुळे एखाद्या पॅथॉलॉजिस्टजवळ बसून यकृताच्या निदान शंभर-दोनशे स्लाइड बघून घ्या, त्याही गटाचं नाव झाकून.