कार्यालयात दुखापत झाली तर भरपाईचा दावा कसा करावा

कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याच्या कार्यालयात हिशेब लिहिणारा कारकून पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून रजिस्टरे घेऊन उतरताना घसरला आणि त्याचे मनगट मोडले, तर त्याला भरपाई मागता येते का? बहुतेकांना वाटते, येत नाही. भरपाई यंत्रात हात सापडलेल्या कामगाराची, खुर्चीवर बसणाऱ्याची नव्हे, हा समज एके काळी बरोबरही होता, कारण 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून कारकुनी काम वगळलेले होते. 18 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती अट गेली आणि कायद्याच्या नावातही ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. भरपाईची चौकट बरीचशी तीच राहिली असली, तरी अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

दावा कोणाकडे करायचा हे पगारपत्रक सांगते. त्यात ईएसआयची (राज्य कर्मचारी विमा योजनेची) 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. या योजनेकडेच जावे लागते आणि काम बंद असलेल्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के लाभ तेथून मिळतो. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे या योजनेत येतात. कपात नसेल तर मालकाकडे मागणी करावी. मात्र मालकाविरुद्धचा हा हक्क कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे सोबतच्या यादीत, मोडणाऱ्या कामांनाच मिळतो. कारखान्याच्या आवारातले कार्यालय त्यात सहज बसते. निव्वळ दुकान किंवा पेढीचे कार्यालय असेल, तर आधी वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

दावा टिकतो की कोसळतो, हे माझ्या मते पहिल्या तासाभरात ठरते आणि तेही कार्यालयात नव्हे, दवाखान्यात. सांगलीच्या सिव्हिलमध्ये असो वा मिरजेच्या खासगी रुग्णालयात, केस पेपर काढताना ‘काय झाले?’ असे विचारतात आणि रुग्ण जे सांगेल ते त्यावर लिहितात. अशा वेळी सोबत आलेला वरिष्ठ हळूच सुचवतो, ‘घरी पडलो म्हणून सांगा, उगीच चौकशी नको, खर्चाचे आम्ही बघतो.’ दुखणारा माणूस मान डोलावतो. सहा महिन्यांनी खर्चाचे कोणी बघत नाही आणि केस पेपरवरचे ‘घरी पाय घसरून’ हे शब्द पुसता येत नाहीत. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आणि आपण कोणत्या कामावर होतो हे तेथेच सांगावे आणि डॉक्टरांनी काय लिहिले ते वाचूनच पुढे जावे. डाव्या मनगटाचे उजवे झालेले कागदही मी पाहिले आहेत.

त्यानंतर मालकाला लेखी सूचना द्यायची असते. ती शक्य तितक्या लवकर द्यावी. त्यासाठी वकिली भाषा लागत नाही. नाव, पत्ता, तारीख आणि दुखापतीचे कारण साध्या शब्दांत आले की पुरे. उदाहरणार्थ: ‘दिनांक 18 रोजी सकाळी 11 च्या सुमारास साहेबांनी मागितलेली रजिस्टरे पहिल्या मजल्यावरून खाली नेत असताना जिन्यावरील ओल्या फरशीवरून पाय घसरून माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई मिळावी, ही विनंती.’ या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. आवक विभाग टाळाटाळ करू लागला तर भांडत बसू नये, पोहोच-पुराव्याची मागणी करून स्पीड पोस्टने पाठवावे. पूर्वीचे रजिस्टर टपाल 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातच विलीन झाले आहे. जिन्याचा फोटो, त्या दिवसाची हजेरी आणि उचलायला धावून आलेल्या सहकाऱ्यांची नावेही त्याच दिवशी टिपून ठेवावीत, कारण पुढे त्यांच्यावरही नोकरीचे दडपण येते.

रकमेचा हिशेब गुंतागुंतीचा वाटतो, पण तो वहीच्या एका पानावर मावतो. वयाच्या 40 व्या वर्षी, 22,000 रुपये पगारावर असलेल्या आपल्या कारकुनाचे उदाहरण घेऊ. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार पगार याहून जास्त असला तरी हिशेबात मासिक 15,000 रुपयेच धरले जातात. पूर्ण कायम अपंगत्वासाठी याचे 60 टक्के, म्हणजे 9,000 रुपये, आणि कायद्याच्या तक्त्यात 40 वर्षे वयासाठी दिलेला गुणक 184.17, गुणाकार 16,57,530 रुपये. कमाईची क्षमता 10 टक्क्यांनी घटली असेल तर त्याचा दहावा भाग, 1,65,753 रुपये. हात पूर्ववत बरा झाला आणि केवळ काही काळ काम बंद राहिले, तर दर पंधरवड्याला वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे येथे 3,750 रुपये मिळतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा, म्हणून औषधांची प्रत्येक पावती जपावी. तीन दिवसांच्या आत कामावर परतता येईल अशा किरकोळ दुखापतीला मात्र भरपाई नाही.

येथे एक बारकावा बहुतेकांच्या हातून सुटतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराचे अपंगत्व पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याच्या बोटांचा विचारही याच दृष्टीने व्हायला हवा. तेव्हा आपण नेमके कोणते काम करतो, हे दाखला देणाऱ्या डॉक्टरांना समजावून सांगावे.

घरून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघातही आता यात येऊ शकतो, मात्र वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. कामावर जाताना मृत्यू पावलेल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये याच कारणाने दिलासा दिला. कंत्राटदारामार्फत नेमलेल्या शिपायाला वा सफाई कर्मचाऱ्याला मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते.

पैसे देय झाल्यापासून महिनाभरात मिळाले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. या काळात ‘संपूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नये. तडजोड झालीच तर तिची रीतसर नोंदणी करून घ्यावी. मालक दादच देत नसेल तर अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. तो आपण राहतो त्या ठिकाणीही करता येतो, त्यामुळे पुण्याच्या कार्यालयात पडलेल्या सांगलीकराला दर तारखेला पुण्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. अर्ज सध्या नेमका कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालतो, हे सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्यावे. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.