नव्या मांजराची ओळख आधी वासाने
कोल्हापुरात पेठांमधल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत नवे मांजर आणले, की जुनी मांजरे फिस्कारून त्याच्या अंगावर धावतात. पशुवैद्याकडून तपासून आणलेल्या नव्या मांजराला आतल्या खोलीत, स्वतंत्र वाळूच्या ट्रेसह, दार लावून ठेवावे. मांजराच्या गालांवर वासाच्या ग्रंथी असतात. तिथे सुती फडका हलकेच फिरवून तो जुन्या मांजरांच्या ताटलीखाली अंथरावा आणि त्यांचा फडका तसाच आत द्यावा. फडका हुंगूनही ती निवांत खाऊ लागली, की उकडलेल्या मासळीच्या ताटल्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवून रोज थोड्या जवळ सरकवाव्यात. दार त्यानंतरच, तेही बोटभर, उघडावे. घाई नडते ती इथेच. झोंबाझोंबी झालीच तर मध्ये हात न घालता जाड पुठ्ठा सरकवावा.