तांदळातले नाव आणि कॉन्सुलेटची खिडकी

पती अमेरिकेचे नागरिक असल्याच्या आधारावर मिळणाऱ्या इमिग्रंट व्हिसासाठी माझी मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये झाली. मी खिडकीसमोर जेमतेम १२ मिनिटे उभी होते. पहिली आठ मिनिटे इतकी सुरळीत गेली की मी मनातल्या मनात बाहेर थांबलेल्या बाबांना फोन लावूनही झाले होते. उरलेली चार मिनिटे आम्हाला पुढचे सात आठवडे पुरली.

ज्यांचा आय-१३०, म्हणजे जोडीदाराने अमेरिकेत केलेला मूळ अर्ज, मंजूर झाला आहे, कागदपत्रे तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडून कागदपत्रे पूर्ण असल्याचा निरोप आला आहे आणि ज्यांची आता केवळ तारखेची वाट पाहणे चालू आहे, अशांसाठी हे लिहीत आहे. त्यामुळे शुल्क, फोटोचा आकार, बोटांचे ठसे यांविषयी विस्ताराने सांगत नाही. मेडिकल मुलाखतीच्या आधी आणि कॉन्सुलेटने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच करावे लागते. लसींच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर सोबत न्याव्यात, नाहीतर काही लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. जन्मदाखला किंवा विवाह नोंदणीचा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. जन्मदाखल्यावर आईवडील दोघांचीही नावे आहेत ना, हे आजच पाहून ठेवावे. पतीचे उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपेक्षा कमी पडत असेल, तर अमेरिकेत राहणारा दुसरा प्रायोजक, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी घेणारा, मुलाखतीआधीच शोधावा. खिडकीवर उभे राहून तो सापडत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते आणि तिथे थोडी रेंगाळणार आहे.

आमच्याकडे लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यांत नवऱ्याने अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची पद्धत आहे. माझेही लिहिले गेले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली आणि माझ्यापुरते ते नाव तिथेच संपले. पासपोर्ट, आधार, पदवीचे प्रमाणपत्र, नोकरीचे कागद या सर्वांवर माझे माहेरचे नाव होते आणि ते तसेच ठेवायचे हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते. राजपत्रात नावबदल केला नव्हता. म्हणून डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘तुम्ही कधी दुसरे नाव वापरले आहे का’ हा प्रश्न आला, तेव्हा माझ्याकडून उत्तर ‘नाही’ असे गेले. गेले म्हणते, कारण अर्ज मी भरलाच नव्हता. न्यू जर्सीत बसून रात्री जागून पतीने तो भरला, फोनवर मला प्रश्न वाचून दाखवले आणि मी भाकरी थापता थापता उत्तरे दिली. त्या प्रश्नात माहेरचे, धार्मिक, व्यावसायिक अशा सर्व प्रकारच्या नावांचा उल्लेख असतो, हे मी पुष्कळ नंतर स्वतःच्या डोळ्यांनी वाचले.

इकडे कऱ्हाडला सासऱ्यांनी हौसेने, आणि चांगल्याच हेतूने, पतीच्या जुन्या विमा पॉलिसीवरील वारसाचे नाव बदलून घेतले होते. आधी तिथे सासूबाई होत्या, आता सून आली; पण आली ती तांदळातल्या नावाने, पतीच्या नावासह आणि सासरच्या आडनावासह. दोघांचे आर्थिक व्यवहार एकत्र असल्याचा पुरावा म्हणून पतीने त्या पॉलिसीची प्रत फाइलमध्ये जोडली. मी ती पाहिलेली नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घेतली. मी मराठीत बोलत होते आणि अधिकाऱ्यांच्या शेजारी दुभाषी उभे होते. ओळख कशी झाली, अर्ज कोणी केला, पती भारतात शेवटचे कधी आले, ते नेमके काय काम करतात, दोघांपैकी कोणाचा आधी विवाह झाला होता का, हे सर्व अगदी साधेपणाने विचारले गेले. फोटोंचा जाडजूड अल्बम मी खांदा दुखेपर्यंत वाहून नेला होता. त्यातले चार फोटो पाहिले गेले. मग अधिकाऱ्यांनी एक कागद काचेला टेकवला, एका ओळीखाली पेन धरले आणि विचारले, “ही स्त्री कोण?”

त्या ओळीत माझ्या नवऱ्याचे नाव होते, त्याचे आडनाव होते, नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ असे होते आणि पहिले नाव माझे नव्हते. मी म्हणाले, “माहीत नाही.”

हे उत्तर खोटे नव्हते. त्या क्षणी मला खरोखरच काही सुचले नाही. परंतु काचेपलीकडून ते कसे दिसले असेल, याचा विचार करा. अर्धा मिनिट गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तांदूळ, ताट, अंगठी असे सगळे एका दमात सांगू लागले. दुभाष्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, त्यांच्या घरीही बहुधा तेच ताट असावे, आणि त्यांनी अधिकाऱ्यांना ते बरेच समजावून सांगितले. तरीही हातात २२१(जी)ची, म्हणजे आणखी कागद मागून प्रकरण थांबवल्याची, चिठ्ठी आली: नावांविषयी दोघांचे प्रतिज्ञापत्र, विमा कंपनीचे पत्र आणि दुरुस्त केलेला डीएस-२६०.

चिठ्ठी मिळाली म्हणजे सगळे संपले असे समजू नका. संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती ‘रिफ्यूज्ड’ अशी दिसते आणि तो शब्द रात्री दोन वाजता फार भयंकर वाटतो, पण अपुऱ्या कागदपत्रांसाठी थांबवलेल्या प्रकरणांनाही तोच शब्द लावला जातो. मागितलेले कागद देण्यासाठी एक वर्षाची मुदत असते. मी मात्र तो शब्द पाहून दोन दिवस जेवले नव्हते, हेही सांगून टाकते. याउलट, महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असा निष्कर्ष निघाला तर कायमची अपात्रता येऊ शकते आणि मग माफीसाठी वेगळा अर्ज करण्याची वेळ येते. म्हणून आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे, समजले नसेल तर ‘पुन्हा विचारा’ म्हणावे, आणि ‘हा कागद मला नीट पाहू द्या’ असे म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मी कागद नीट पाहायला मागितला असता, तर सासऱ्यांच्या गावची शाखा दिसली असती आणि सगळा उलगडा तिथेच झाला असता, असे मला आजही वाटते.

तेव्हा मुलाखतीच्या किमान १५ दिवस आधी स्वतःच्या अर्जाची आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची छापील प्रत काढा आणि हातात पेन्सिल घेऊन ती स्वतः वाचा. जिथे जिथे तुमचे नाव आहे तिथे खूण करा. आपल्याकडे मुलीचे मधले नाव लग्नाआधी वडिलांचे असते आणि लग्नानंतर पतीचे होते, आडनाव बदलते, कुठे पहिले नावही बदलते, लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’च्या पुढे घरातले लाडके नाव असते. बँकेत एक आणि रेशनकार्डावर दुसरे असते. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही, पण परक्या माणसाला त्या चार निरनिराळ्या बायका दिसतात. यांतले जे नाव कोणत्याही कागदावर उमटले आहे, ते ‘इतर नावे’ या रकान्यात लिहावे. अर्ज आधीच सादर झाला असेल तर चूक लपवू नये. खिडकीवर पहिल्याच संधीला स्वतःहून सांगावे, दुरुस्ती करता येते.

अर्ज भरून देणाऱ्या एजंटांविषयी माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी आहे. आम्हीही एकाला विचारले होते; “ते नाव कशाला दाखवता, उगाच प्रश्न वाढतील” असा त्याचा सल्ला होता. त्याहून त्रासदायक सल्लागार म्हणजे १० वर्षांपूर्वी तिकडे गेलेले नातेवाईक, ज्यांना स्वतःची मुलाखत सोडून दुसरी मुलाखत ठाऊक नसते. माझ्या एका मावसभावाने मला ४० प्रश्नोत्तरे पाठ करायला लावली. पतीच्या आवडत्या भाजीपर्यंत सगळे त्यात होते, विमा नव्हता. जोडीदार मात्र उत्तम मार्गदर्शक ठरू शकतो, जर त्याने तुमच्या वतीने सगळे उरकून टाकण्याचा उत्साह आवरला तर.

व्हिसा हाती आल्यावर आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर ग्रीनकार्ड दोन वर्षांचे, सशर्त मिळते. पूर्ण झालेली असतील तर १० वर्षांचे. मुलाखतीच्या नव्हे, प्रवेशाच्या दिवशी. माझ्या व्हिसाची मुदत सहा महिन्यांची होती आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस चार महिन्यांवर होता. आम्ही आठवडाभरात तिकीट काढले. कदाचित माहीत असूनही आम्ही थांबलो नसतो, पण मग तो निर्णय आमचा असता.

आता सशर्त कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरायचा आहे, म्हणजे सहजीवनाचे पुरावे पुन्हा एकदा जमवणे आले. या वेळी अर्ज मी भरते आहे आणि पती शेजारी बसून कणीक मळतात. ‘इतर नावे’ हा रकाना त्यातही आहे. तांदळातले नाव इंग्रजीत कसे लिहायचे, शेवटी एक ‘ए’ की दोन, हे दोघांनाही आठवेना. मग कऱ्हाडला फोन करून सासऱ्यांना पॉलिसी काढायला सांगितली आणि तिच्यावर आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहिले.