पोलिसांनी चुकीची अटक केली तर पहिल्या दिवशी काय करायचं

घरातल्या माणसाला पोलिसांनी उचललं की आपल्याकडे आधी वशिला शोधतात, कुणी नगरसेवकाला फोन लावतं कुणी ओळखीच्या हवालदाराला, आणि ह्यातच पहिला दिवस जातो. पुढे कोर्टात जे टिकतं ते त्या दिवसाच्या नोंदींवरच, म्हणून घरातल्या एकाने फक्त लिहायचं काम घ्यायचं. किती वाजता नेलं, कुठून नेलं, गाडीचा नंबर, वर्दीवरचं नाव.

"अटक नाहीये हो, चौकशीला आणलंय, संध्याकाळी सोडतो" असं सांगतात आणि कागदावर अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी सकाळची. पण माणसाला उठून घरी जायची मुभा नसेल तर ती अटकच, मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका केसमध्ये हे सांगितलंय. आणि संविधानाच्या कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, रविवार असो नाहीतर दिवाळी. त्यामुळे खरी वेळ सिद्ध करणं तुमच्या हातात ठेवा. सोसायटीचं, समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी कॉपी करून घ्या, नंतर ते पुसलं जातं. पोलीस ठाण्यातलं फुटेज जपून ठेवा असा अर्ज द्या, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या आदेशाने तिथे कॅमेरे आणि निदान वर्षभराचं रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. अर्जाची पोच देत नसतील तर वाद घालू नका, तोच अर्ज एसपी किंवा कमिशनर ऑफिसला ईमेल करा, ईमेलवर वेळ आपोआप येते.

दुसरं म्हणजे अटकेची कारणं लेखी मागा. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसमध्ये नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेतच द्यायची, लगेच जमलं नाही तर रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी तरी. नाही दिली तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. केस मात्र संपत नाही, पोलीस नीट कारणं देऊन परत कोठडी मागू शकतात, हे लक्षात ठेवा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का गरजेची हे पोलिसांना लिहून दाखवावं लागतं, नाहीतर बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५ ची चौकशीला हजर राहायची नोटीस द्यायची असते, आणि ती नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगीही लागते.

मॅजिस्ट्रेटसमोर गप्प राहू नका!! मारहाण झाली असेल, रात्रभर बसवून ठेवलं असेल, खरी वेळ वेगळी असेल तर तिथेच सांगा आणि ते रेकॉर्डवर घ्यायला सांगा, मेडिकलही तिथेच मागा. वकिलाचे पैसे नसतील तरी अडत नाही, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. २४ तास उलटून गेले आणि माणूस दाखवतच नाहीत तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज.

आता भरपाई. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून बीएनएसएसखाली जास्तीत जास्त १००० रुपये मिळतात, हा मला तरी अपमानच वाटतो. खरी भरपाई रिटमध्ये, म्हणजे मूलभूत हक्क मोडले म्हणून थेट हायकोर्टात केलेल्या याचिकेत मिळते. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५०,००० दिले, इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख, तेही अटकेनंतर तब्बल २४ वर्षांनी. मुद्दाम, बेकायदा आहे हे माहीत असून डांबलं असेल तर त्या अधिकाऱ्यावर बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २५८ लागू शकतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रिट परवडत नसेल तर राज्य मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आहेत. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, जामीन झाला की लोक दमून ही तारीख सोडून देतात, तेवढं करू नका.